गाडगेबाबांच्या कानातली कवडी आणि माइनक्राफ्टचा ब्लॉक

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "काऊन बाप्पा, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की गेमिंगचा?" दोन्हीचा आहे. विषय आहे फोटोचे ब्लॉक करण्याचा. माइनक्राफ्टमध्ये पोट्टे हल्ली कोणताही फोटो मॉडच्या मदतीनं ब्लॉकांमध्ये बदलतात. हिरोचा चेहरा, क्रिकेटरचा चेहरा, स्वतःचा सेल्फी, काहीही. पण "फोटोचा ब्लॉक करणे" हे शब्द मराठीत त्या गेमच्या कितीतरी आधीपासून आहेत. घरात जुन्या छापखान्यात काम केलेलं कोणी असेल तर विचारून बघा. ते गेमचं नावही घेणार नाहीत, सरळ जस्ताच्या पत्र्याबद्दल बोलायला लागतील.

तर आधी तो पत्रा, मग गेम. आणि दोन्हीच्या मधोमध आपल्या वऱ्हाडातला एक माणूस, ज्याचा चेहरा मी या मॉडमधून काढायला घेतला: संत गाडगेबाबा.

जस्ताचा ब्लॉक

छपाईच्या जुन्या पद्धतीत अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे, त्यांना शाई लावायची आणि वर कागद दाबायचा. अक्षराचं काम सोपं होतं, कारण शाई एकतर लागते किंवा लागत नाही. खरी गंमत फोटोत आहे. फोटोत काळा असतो, पांढरा असतो आणि मधले शेकडो करडे असतात. छापखान्याकडे शाई एकच, काळी. मग करडा रंग छापायचा कसा?

उत्तर होतं हाफटोन. फोटोचा फोटो काढायचा, पण मध्ये बारीक जाळी असलेली काच धरायची. जाळीमुळे चित्राचे ठिपके होतात. जिथे चित्र गडद तिथे ठिपका मोठा, जिथे फिकं तिथे बारीक. हे ठिपके जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचे आणि मधला भाग ॲसिडनं खाऊ द्यायचा. उठून राहिलेले ठिपके शाई घेतात. तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला की झाला ब्लॉक. शिशाच्या खिळ्यांशेजारी तो बसवायचा आणि छापायचं. न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक'नं ४ मार्च १८८० ला असा हाफटोन फोटो छापला. दोन वर्षांनी जर्मनीत मायझेनबाखनं आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं.

मराठी माणसाचा या धंद्याशी संबंध लय जुना आहे. 'राजा हरिश्चंद्र' काढणारे दादासाहेब फाळके आपल्याला १९१३ पासून माहीत असतात. पण सिनेमाकडे वळण्याआधी ते याच उद्योगात होते. त्यांनी लोणावळ्याला एनग्रेव्हिंग आणि छपाईचा कारखाना सुरू केला. पुढे तो दादरला आला आणि 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नावानं ओळखला गेला. १९०९ मध्ये छपाईचं नवं तंत्र बघायला आणि यंत्रं आणायला ते जर्मनीला गेले. म्हणजे भारतीय सिनेमाचा जनक आधी चित्राचे ठिपके करणारा माणूस होता.

आता एक हिशोब करू. वर्तमानपत्राचा कागद खरबरीत, म्हणून जाळी जाडी वापरायचे. इंचाला साधारण ६५ ओळी. पेपरचा एक कॉलम साधारण दोन इंच रुंद. म्हणजे एका कॉलमातल्या फोटोत आडवे किती ठिपके? दोन गुणिले ६५, म्हणजे १३०.

हा १३० आकडा लक्षात ठेवा. थोड्या वेळानं लागणार आहे.

या १३० ठिपक्यांत माणसाचा चेहरा बसवायचा म्हणजे काहीतरी हरवणारच. म्हणून ब्लॉक करण्याआधी फोटोवर ब्रश चालायचा. चेहरा मागच्या भिंतीत मिसळत असेल तर कडेनं पांढरा रंग लावायचा. डोळे बुजत असतील तर बुबुळं गडद करायची. याला रिटचिंग म्हणायचे. हे काम करणाऱ्याचं नाव छापून येत नसे, पण वाचकाला पुढाऱ्याचा चेहरा कसा दिसणार हे त्या ब्रशवर ठरायचं. शिवाय ब्लॉक करायला पैसे लागत. म्हणून एकदा केलेला ब्लॉक छापखान्यात जपून ठेवायचे आणि जयंती-पुण्यतिथीला तोच पुन्हा काढायचे. एकदा जे हरवलं, ते दरवर्षी हरवलेलंच छापून यायचं.

टाइपरायटर आणि स्क्रीन

ठिपक्यांऐवजी अक्षरं वापरली तर? मुंबईचे चंद्रकांत भिडे हे युनियन बँकेत नोकरी करणारे गृहस्थ. त्यांनी टाइपरायटरवर माणसांची चित्रं काढली. एक्स, डॅश, टिंब असलीच चिन्हं. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅनसुद्धा त्यांनी टाइप केला. टाइपरायटरची प्रत्येक कळ म्हणजे एक ठरलेली जागा आणि एक ठरलेला आकार. गडद हवं असेल तर त्याच जागेवर पुन्हा मारायचं. इथे कन्व्हर्टर नाही, कुठे कोणतं चिन्ह मारायचं हे भिडे स्वतःच ठरवत. हा मुद्दाही डोक्यात ठेवा.

कॉम्प्युटरनं हे काम १९५७ मध्ये सुरू केलं. अमेरिकेत रसेल किर्श नावाच्या इंजिनिअरनं आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा पाच सेंटीमीटरचा फोटो स्कॅन केला. १७६ आडवे आणि १७६ उभे चौकोन, एकूण ३०,९७६. आज आपण ज्याला पिक्सेल म्हणतो ते हेच. मग १९७३ मध्ये बेल लॅब्जच्या लिऑन हार्मननं उलट प्रश्न विचारला: चेहरा ओळखायला कमीत कमी किती चौकोन लागतात? त्यानं अब्राहम लिंकनचा चेहरा अडीचशेच्या आसपास चौकोनांत बसवला. जवळून बघितलं तर नुसत्या करड्या फरश्या. लांब जाऊन डोळे बारीक केले की लिंकन. याचा अर्थ असा की चेहरा ओळखू येणं हे लय स्वस्तात होतं. ओळखू आला म्हणून तो पूर्ण आला, असं मात्र नसतं.

मॉड नेमकं काय करतं

माइनक्राफ्ट पहिल्यांदा लोकांसमोर आलं मे २००९ मध्ये. त्यात सगळं जग घनाकार ब्लॉकांचं. लोकांनी लगेच ब्लॉकांनी चित्रं काढायला घेतली. त्यातला सगळ्यात नादखुळा प्रकार म्हणजे मॅप आर्ट. गेममध्ये नकाशा नावाची वस्तू असते. सगळ्यात लहान नकाशात जमिनीवरचा एक ब्लॉक म्हणजे एक ठिपका. तुम्ही जमिनीवर ब्लॉक मांडायचे, नकाशात चित्र उमटतं, आणि तो नकाशा फ्रेममध्ये लावून भिंतीवर टांगायचा.

नकाशाची रुंदी किती? १२८ ब्लॉक.

आठवला मघाचा आकडा? आपल्या आजोबांनी पेपरच्या एका कॉलमात जो फोटो बघितला, त्यात साधारण १३० ठिपके. आणि आज आपण गेममध्ये जो नकाशा करतो, त्यात १२८. शंभर वर्षांनी आपण फिरून त्याच जाळीवर आलो. फरक एवढाच की तिकडे ठिपका लहान-मोठा व्हायचा, इकडे ब्लॉकचा आकार ठरलेला आणि रंग बदलतो.

१२८ गुणिले १२८ म्हणजे १६,३८४ ब्लॉक. गेममध्ये ६४ ब्लॉकांचा एक गठ्ठा, म्हणजे २५६ गठ्ठे. एका मोठ्या पेटीत ५४ मावतात, म्हणजे पाच पेट्या भरून माल. हे सगळं हातानं ठरवायचं म्हटलं तर डोकं फुटेल. म्हणून कन्व्हर्टर आणि मॉड. कन्व्हर्टर फोटो घेतो, १२८ चौकोनांत आवळतो आणि कुठे कोणता ब्लॉक याचा आराखडा बनवतो. लिटमॅटिकासारखं मॉड तो आराखडा गेममध्ये भुतासारखा अर्धपारदर्शक दाखवतं. तुम्ही फक्त त्या भुताच्या जागी खरे ब्लॉक ठेवत जायचे. हे कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीत चालतं. फोनवरच्या बेडरॉक आवृत्तीत असली मॉड चालत नाहीत, तिथे ॲड-ऑन लागतात.

आता आतली गोष्ट. कन्व्हर्टर तीन कामं करतो.

पहिलं, सरासरी. मूळ फोटोतले शेकडो पिक्सेल मिळून एक चौकोन होतो. त्या शेकड्यांचा सरासरी रंग म्हणजे त्या चौकोनाचा रंग.

दुसरं, जवळचा रंग शोधणं. समजा सरासरी आली लाल १५०, हिरवा ९५, निळा ६०. म्हणजे आपल्याकडच्या उन्हात रापलेल्या माणसाचा रंग. गेमच्या नकाशात तपकिरी लोकरीचा मूळ रंग आहे १०२, ७६, ५१. मातीच्या ब्लॉकचा आहे १५१, १०९, ७७. प्रत्येक आकड्यातला फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, बेरीज करायची. लोकरीचं उत्तर येतं २,७४६. मातीचं येतं ४८६. बेरीज जितकी कमी तितका रंग जवळ, म्हणून माती जिंकते. पण तुम्ही सेटिंगमध्ये फक्त लोकर निवडली असेल, तर त्या माणसाचा चेहरा लोकरीच्या सोळा रंगांतच कोंबला जाणार. पेटीत काय ठेवलं यावर चेहरा ठरतो.

तिसरं, डिदरिंग. रंग तंतोतंत मिळत नाही, थोडी बाकी उरते. ती बाकी शेजारच्या चौकोनांच्या खात्यावर टाकायची. १९७६ मध्ये फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग या दोघांनी याचा हिशोब मांडला: बाकीचे सोळा भाग करा, सात उजवीकडच्याला द्या, उरलेले नऊ खालच्या ओळीतल्या तिघांना वाटा. किराणा दुकानातल्या उधारीसारखं. त्यामुळे लांबून बघितलं की मधले रंग असल्याचा भास होतो.

एक बोनस गोष्ट. एखादा ब्लॉक त्याच्या उत्तरेच्या ब्लॉकपेक्षा उंचावर ठेवला तर नकाशात तो उजळ दिसतो, खाली ठेवला तर गडद. म्हणून पायऱ्या-पायऱ्यांनी बांधलं की एकाच रंगाच्या तीन छटा मिळतात.

आता गाडगेबाबा

डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. बालपण गेलं मामाकडे दापुऱ्याला, म्हणजे मूर्तिजापूर तालुका, अकोला जिल्हा. १९०५ मध्ये घर सोडलं. मग आयुष्यभर गावोगाव फिरणं, दिवसा खराट्यानं गाव झाडणं आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारणं. अंधश्रद्धा, अस्पृश्यता, दारू, कर्ज काढून केलेली लग्नं, सगळ्यावर प्रश्न, आणि तेही आपल्या वऱ्हाडी बोलीत. लोकांनी दिलेल्या पैशातून घाट, धर्मशाळा, शाळा उभ्या केल्या. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावला त्यांचं निधन झालं. किर्शनं तो पहिला फोटो स्कॅन केला त्याच्या आदल्याच वर्षाची ही गोष्ट. आज अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

त्यांचा वेश आठवा. अंगावर रंगीबेरंगी चिंध्या जोडलेला अंगरखा. त्यावरून लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबाबा म्हणायचे. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. हातात खराटा. आणि मातीचं गाडगं. त्यातच जेवायचे, तेच डोक्यावर घालायचे, आणि त्यावरूनच नाव पडलं. यातली एकही वस्तू विकत घेण्यासारखी नाही, लोकांनी टाकून दिलेल्याच सगळ्या. वेश म्हणजे त्यांचं अर्धं कीर्तन होतं.

मॅप आर्टसाठी मी त्यांना निवडलं ते या अंगरख्यामुळे. चौकोनी ठिगळांचा माणूस चौकोनी ब्लॉकांत मस्त बसेल असं वाटतं ना? मग पुन्हा हिशोब. माणूस साडेपाच फुटांचा धरा, म्हणजे १६८ सेंटीमीटर. तो डोक्यापासून पायापर्यंत १२८ ब्लॉकांत बसवला तर एक ब्लॉक म्हणजे साधारण १.३ सेंटीमीटर. कवडी असते दोनेक सेंटीमीटरची. म्हणजे एक, फार तर दोन ब्लॉक. बांगडीचा तुकडा एका ब्लॉकपेक्षाही लहान. खराट्याची काडी तर त्याहून कितीतरी बारीक. आणि कन्व्हर्टर काय करतो? सरासरी. कवडी कानात मिसळते. काच गालात मिसळते. खराट्याचा करडा धब्बा होतो. अंगरख्याची लहान ठिगळं एकमेकांत मिसळून सगळा अंगरखा एकसारखा होतो, जणू दुकानातून नवीन आणलाय.

चेहरा मात्र ओळखू येतो. दाढी आली, डोळे आले, लिंकनसारखं लांबून एकदम बरोबर. उरतो तो कोणीही एक दाढीवाला म्हातारा साधू. आणि साधू म्हणून लोकांनी पाया पडावं, हे तर बाबांनी आयुष्यभर होऊ दिलं नाही.

यात कन्व्हर्टरचा दोष नाही. जे लहान आहे ते सरासरीत जातं, एवढंच गणित आहे. पण लहान काय आणि महत्त्वाचं काय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी त्याला कळत नाही.

मग पर्याय काय? पहिला, फक्त छातीपर्यंतचा फोटो घ्या. ४५ सेंटीमीटर १२८ ब्लॉकांत, म्हणजे एक ब्लॉक साडेतीन मिलिमीटर. कवडीला पाच-सहा ब्लॉक मिळतात, ती दिसते. पण हातातला खराटा चौकटीबाहेर जातो. दुसरा, चार नकाशे जोडा. २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ ब्लॉक. मेहनत चौपट, बारकावा दुप्पट, आणि काडी तरीही दिसत नाही. तिसरा पर्याय जुना आहे: रिटचिंग. आराखडा तयार झाल्यावर तो उघडायचा आणि ब्लॉक हातानं बदलायचे. कवडीच्या जागी तीन पांढरे ब्लॉक. शेजारी एक गडद, म्हणजे ती उठून दिसेल. खराट्याच्या धब्ब्यात एक सोडून एक फिक्या रेघा. मापात बघितलं तर ही कवडी खरीपेक्षा मोठी आहे. पण ती आहे. भिडे एकेक चिन्ह ठरवून मारायचे, तेच हे काम.

मी हा तिसरा रस्ता घेतला. सोळा हजारांत साधारण दोनशे ब्लॉक हातानं बदलले, आणि चित्रात गाडगेबाबा परत आले.

रंगाचाही प्रश्न होता. बाबांचे जे फोटो आपण नेहमी बघतो ते काळे-पांढरे. नेटवर रंगीत मिळतात, पण तो रंग नंतर कोणीतरी भरलेला. अंगरख्यावरचं कोणतं ठिगळ लाल होतं आणि कोणतं हिरवं, हे काळ्या-पांढऱ्या फोटोतून निघत नाही. रंगीत चित्र कन्व्हर्टरमध्ये टाकलं की त्या माणसाचा अंदाज आपल्या नकाशात पक्का होतो, आणि पुढचा माणूस तेच खरं धरतो. जपून ठेवलेल्या जस्ताच्या ब्लॉकसारखंच. म्हणून मी सगळं करड्या ब्लॉकांत ठेवलं. फक्त गाडगं टेराकोटाचं केलं. टेराकोटा म्हणजे भाजलेली माती, आणि गाडगं भाजलेल्या मातीचंच असतं. त्यात अंदाज करावा लागत नाही.

तुम्ही करणार असाल तर

आपल्या भागातले कितीतरी चेहरे आहेत. यावलीचे तुकडोजी महाराज आहेत, पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख आहेत. तुमच्या गावातली एखादी म्हातारी आजी आहे, जिचा एकच फोटो घरात आहे. जरूर करा. फक्त कन्व्हर्टरमध्ये फोटो टाकण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा, ज्या गेल्या तर तो माणूस तो माणूस राहणार नाही. आजीच्या कपाळावरचं गोंदण असेल, नाकातली नथ असेल. मग आराखडा आला की आधी चेहरा बघू नका, त्या तीन गोष्टी शोधा. नसतील तर हातानं घाला. पाच पेट्या माल लावायच्या आधी दहा मिनिटांचं काम आहे.

आणि घरात जुने पेपर असतील तर एखादा फोटो भिंगाखाली धरून बघा. ठिपके दिसतील. आडवे मोजून मला कळवा किती भरले.

पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. राम राम मंडळी!